माझाच बाजा मला विकला

गोंदियाच्या एका वाद्यांच्या दुकानदारानं मला माझाच जुना कीबोर्ड नवा म्हणून विकला. फसवलं त्यानं, फसलो मी, आणि त्यापायी घरी बसला तो आमच्या नाटक मंडळाचा क्लॅरिनेट वाजवणारा मामा. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट काढली की लोक मधेच मला समजवायला लागतात. जाऊ द्या म्हणतात, इतकी वर्षं झाली म्हणतात. ज्याचं काही गेलं नाही त्याला असं म्हणायला काय लागतं?

मी अर्जुनी मोरगावकडचा. वडिलांचं आठवडी बाजारात कांदे-लसणाचं दुकान होतं, म्हणजे जमिनीवर पोतं आणि पोत्यावर ढीग. शाळा सुटायच्या आधीच मला तागडी धरता येत होती, आणि उठून चाललेलं गिऱ्हाईक परत फिरणार की नाही हे त्याच्या पावलांवरून कळत होतं. पेटी मी भजन मंडळात शिकलो. शिकलो म्हणजे वाजवणारा पाणी प्यायला उठला की त्याच्या जागेवर जाऊन बसायचो आणि तो हाकलेपर्यंत उठायचो नाही. हाताला धरून कुणी काही शिकवलं नाही. पुढं जे मिळालं ते भांडून मिळवलं. भांडण मला जमतं. रागही लवकर येतो, आणि आल्यावर लवकर जात नाही.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. एका गावात एकाच दिवशी दोन-तीन मंडळांचे मांडव लागतात. सकाळपासून भोंगा बांधलेले ऑटो फिरतात: नायिका कोण, विनोदी नट कोण, संगीताला काय काय आहे. आमच्या मॅनेजरनं त्यात आपली एक ओळ घातली होती, 'यंदा नव्या कीबोर्डसह.' लोकांना ते आवडायचं. दुपारी गावची नाटक कमिटी मांडवात यायची. रंगमंचाच्या पुढ्यात आम्हा वादकांची बैठक असते, तिथं वाकून ते बाजावरचं फडकं स्वतःच्या हातानं बाजूला करायचे, जणू सोयरीक करायला आलेत. "हा त मागच्या सालचाच दिसते," असं कुणी म्हटलं की मॅनेजरचा चेहरा उतरायचा, आणि मग दिवसभर तो माझ्याशी सरळ बोलायचा नाही.

१९९९ साली मी पहिला कीबोर्ड घेतला. त्याआधी पायानं भाता मारायचा ऑर्गन वाजवायचो. तो उचलायला चार माणसं लागायची आणि पावसाळ्यात त्याचे सूर फुगायचे. कीबोर्ड काखेत मारून एसटीत बसता येत होतं. बटणं दाबली की सनई, बासरी, व्हायोलिन, देवळातली घंटासुद्धा. मला वेड लागलं, दुसरा शब्द नाही. तो बाजा जुना व्हायच्या आत दुसरा घेतला, मग तिसरा. पोळा जवळ आला की माझी बोटं आपोआप हलायला लागायची. जेवताना ताटाच्या कडेवर, झोपताना गादीवर. बायको म्हणायची, तुमाले आता गोंदिया आठवून राहिला. बरोबर असायचं तिचं. दोन-तीन दिवसांत काहीतरी निमित्त काढून मी गाडीत बसलेला असायचो.

दुकानात पाऊल टाकलं की प्लास्टिकचा आणि थर्माकोलचा एक नवा वास यायचा. मला हव्या असलेल्या बाजाकडे मी बघायचोच नाही. दुसऱ्याच्याच चौकशा करायचो, तोंड वाकडं करायचो, चहा घ्यायचो. मग जाता जाता सहज विचारल्यासारखा त्याचा भाव काढायचो. तो सांगायचा. मी हसायचो. तो शपथा घ्यायचा. मी उठून चालायला लागायचो, आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचायच्या आत मागून हाक यायची, "भाईसाब, नाराज होकर मत जाओ." ही हाक ऐकायला मी गोंदियाला जात होतो असंही म्हणता येईल. घरी येताना बाजा मांडीवर आणि मनात एकच, कसा खाली ओढला त्याला.

२००८ च्या पोळ्याला मी त्याला असाच खाली ओढला. माझा तेव्हाचा बाजा चार हंगाम वाजलेला होता. मी हिशेब केला की दसऱ्याला सगळेच आपापले जुने बाजे घेऊन येतात, तेव्हा जुन्याला कोण विचारतो? आत्ताच जुना देऊन टाकावा, त्याची किंमत वर करून घ्यावी आणि नव्याचा भाव बांधून ठेवावा. दुकानदार आढेवेढे घेत तयार झाला. नवा माल नागपूरहून यायचा आहे, दसऱ्याच्या आधी घेऊन जा म्हणाला. मी माझा बाजा त्याच्या काउंटरवर ठेवून मोकळ्या हातानं परत आलो. गाडीत खिडकीशी बसून स्वतःवर इतका खूश होतो की बाहेर धानाला पाणी कमी दिसत होतं तेही मनाला लागलं नाही.

दसऱ्याआधी गेलो. त्यानं खोक्यातून बाजा काढला. चंदेरी. आधीचा माझा काळा होता. हा आरशासारखा चमकत होता आणि पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या. मी वाजवून पाहिला. आवाजांचे नंबर जुन्याच क्रमानं होते. मी विचारलं, तर तो म्हणाला, उसी कंपनी का बडा भाई है. मला ते सोयीचंच वाटलं, नवीन नंबर पाठ करायला नकोत. मग त्यानं विचारलं, "आप ही बताओ, आवाज़ कैसा है?" मी डोकं कलतं करून ऐकलं आणि त्याला सांगितलं. खालचे सूर जास्त भरीव आहेत, वरच्या सुरातला चिरकेपणा गेला आहे, व्हायोलिन तर जमीन-अस्मान. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मला अजून त्याची ती मान दिसते.

आमची तालीम मॅनेजरच्या ओळखीच्या धानाच्या गोदामात चालायची. नवा बाजा आला की पहिल्या दिवशी त्याला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग मी काहीतरी वाजवून दाखवायचं, अशी पद्धत पडली होती. नट, नट्या, तबलजी, पडदेवाले सगळे पोत्यांवर बसले. मी नायिकेच्या पहिल्या गाण्याची सुरावट वाजवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. नायिका म्हणाली, किती मऊ वाजते गा हा. मॅनेजर तर तिथंच ऑटोवाल्याला फोन लावायला निघाला.

मामा क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची रीड ओठांत भिजवत बाजूला बसला होता. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. नात्यानं कुणाचाच मामा नव्हता, सगळ्यांनीच मामा केलेला. त्याचं घर आमच्या पलीकडच्या गावात तलावाच्या पाळीला लागून, आणि तो तलाव आपल्या खापरपणज्यानं बांधला हे तो दर पाच मिनिटांनी सांगणारा. तोंडाचा फटकळ. नाटकात नट चुकला तर तो क्लॅरिनेटमधूनच त्याची टर उडवायचा आणि लोकांना वाटायचं ते नाटकातलंच आहे. पहिल्या हंगामापासून तो माझ्या डाव्या हाताला बसायचा. मी कुठं थांबणार ते त्याला माझ्या खांद्यावरून कळायचं.

त्यानं तोंडातली रीड काढली.

"मास्तर, आवाज तोच हाये गा."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, मामा, हा नवा आहे.

"बाजा नवा असन. आवाज तोच हाये."

मागं कुणीतरी हसलं. मी पुन्हा वाजवलं, खालचे सूर दाखवले, व्हायोलिन दाखवलं. मामा डोळे मिटून ऐकत होता. आणि त्याच्या तोंडावर ते हसू. ज्या हसण्यानं तो चुकलेल्या नटाकडे बघायचा ते हसू माझ्याकडे बघून.

"चांदी पाहून तुले ऐकू येऊन राहिलं," तो म्हणाला. "डोये मिट, मंग आयक."

आता सगळेच हसले. नायिका पदरात तोंड लपवून हसत होती. मॅनेजर फोन हातात धरून माझ्याकडे बघत होता, नव्या बाजाचं आता ऑटोवाल्याला काय सांगू, अशा नजरेनं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मामा, तुमचे कान गेले," मी म्हणालो. "फुंकून फुंकून डोक्यात हवा भरली तुमच्या. क्लॅरिनेट ऐकायचाय का? थांबा, ऐकवतो."

आणि मी क्लॅरिनेटचा नंबर दाबला. दुसऱ्या अंकात नायिका घर सोडून निघते तिथं मामाचा एक तुकडा होता, त्याचा स्वतःचा बसवलेला. त्या तुकड्यासाठी लोक थांबायचे. तो मी बाजावर वाजवला, सगळाच्या सगळा, एक सूर न चुकवता. मग मॅनेजरकडे बघून म्हटलं, माणूस कमी झाला तर तेवढीच गाडीत जागा होईल.

कुणी हसलं नाही. मामानं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यानं क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून सोडवले, प्रत्येक तुकडा आतून पुसला, पेटीत आपापल्या खाचेत ठेवला. एवढा वेळ लागला त्याला की तेवढ्यात मला काहीतरी बोलता आलं असतं. मी बाजाची वायर गुंडाळत राहिलो. जाताना त्यानं मॅनेजरला रामराम केला, मला नाही. सायकलला पेटी बांधून निघून गेला. मॅनेजर त्याला आणायला दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला, मामा नाही.

हंगाम सुरू झाला. मी क्लॅरिनेट बाजावर वाजवत होतो आणि लोकांनी काही तक्रार केली नाही. देवरीकडे, सडक अर्जुनीकडे, सगळीकडे मांडव भरले. तक्रार आली ती फक्त नायिकेची, आणि तीही भांडून नाही. म्हणाली, मास्तर, त्या जागी मामा दम घेत होते, तवा मीही घेत होती. तुमचा बाजा दमच घेत नाही, मी कोठी घेऊ? मी तिला म्हटलं, सवय होईल. झाली नाही. त्या जागेला रोज तिचा सूर अर्ध्यावर तुटायचा आणि रोज माझ्या डाव्या हाताला एक रिकामी सतरंजी असायची. तिथं कुणी बसायचं नाही.

चिचगडच्या मंडईला दुपारी बाजाची मधली एक पट्टी मुकी झाली. ज्यांच्या घरी आमचा उतारा होता त्यांच्या अंगणात चिंचेखाली खाट टाकली, पेचकस मागितला आणि बाजा पालथा करून उघडला. हे काम मला येतं. खालचा पत्रा निघाला, पट्ट्यांखालची लांब पाटी निघाली, पाटीवरची रबराची पट्टी मी उचलली.

मुक्या पट्टीच्या शेजारच्या पट्टीखाली चंदेरी कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. तंबाखूच्या पुडीतला, चौकोनी, एक कोपरा दुमडलेला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या काळ्या बाजाची एक पट्टी अशीच मुकी झाली होती. दुरुस्तीला गोंदियाला जायला वेळ नव्हता, म्हणून मी तंबाखूच्या पुडीचा कागद कापून सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं तिथं चिकटवला होता. मी स्वतःला म्हटलं, असा कागद कोणीही लावतो. हात मात्र थांबेना. पाटीच्या टोकाला गेलो. तिथं एक वायर सैल झाली होती तेव्हा मी ती दोऱ्यानं बांधली होती, बायकोच्या शिलाईतला जांभळा दोरा, दोन गाठी. होता. जांभळाच. दोन गाठी.

वरची चंदेरी खोळ आणि पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या दुसऱ्या कुठल्यातरी मेलेल्या बाजाच्या. आत मी चार हंगाम वाजवलेला माझाच बाजा. उसी कंपनी का बडा भाई.

मॅनेजर येऊन विचारून गेला, होईल का दुरुस्त. मी होईल म्हटलं. रागाची मला सवय आहे, पण हे वेगळं होतं. भरीव खालचे सूर मी ऐकले होते. खोटं बोललो नव्हतो मी, खरंच ऐकले होते. वरच्या सुरातला चिरकेपणा माझ्या कानांनी गेलेला ऐकला होता. चार हंगाम ज्या आवाजाला मी जुना म्हणून कंटाळलो होतो त्याच आवाजापायी मी गोदामात पोत्यांवर बसलेल्या लोकांसमोर मामाचे कान गेले म्हणालो होतो. मी दुसरा कागद कापला, मुक्या पट्टीखाली लावला, बाजा बंद केला आणि संध्याकाळी वाजवला. कुणाला काही सांगितलं नाही. ऑटो बाहेर ओरडतच होता, नव्या कीबोर्डसह.

होळीनंतर मी गोंदियाला गेलो. बाजा काउंटरवर ठेवला, पेचकस बरोबर नेला होता, त्याच्यासमोर उघडला आणि त्याला कागद दाखवला, दोरा दाखवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. माझा आवाज चढला तशी ती निघून गेली. मी त्याला चोर म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. तो शांत. उलट त्यानं तो कागद नखानं हळूच दाबून पाहिला.

"ये पन्नी तो आपने लगाई थी. बाजा देते वक्त मुझे बताया था?"

नव्हतं सांगितलं. बाजारात कोण सांगतं? मी म्हटलं, कागदाचं सोडा, तुम्ही मला नवा म्हणून काय विकलंत ते बोला. तो म्हणाला, मिस्त्रीनं काय केलं ते त्याला माहीत नाही. मग म्हणाला, वाजतो तर आहे ना. मग, मी काउंटरवर हात आपटल्यावर, तो सरळ झाला.

"भाईसाब, मैंने कब कहा आवाज़ अलग है? आपने कहा. मैं तो सुन रहा था."

मी आठवून बघू लागलो. त्यानं विचारलं होतं, आप ही बताओ. सांगितलं मी होतं.

"आप भाव देखते हो," तो म्हणाला, आणि त्यात ना राग होता ना टोमणा, "माल आपने कभी देखा ही नहीं."

मग त्यानं ते केलं ज्यात तो हुशार आहे. आत गेला आणि एक खोकं घेऊन आला. सील माझ्यासमोर फोडलं. काळाभोर, लांब, माझ्या बाजापेक्षा जास्त पट्ट्यांचा, पडद्यावर निळी अक्षरं. हे घेऊन जा म्हणाला, आतबाहेर नवीन, उघडून बघा, पेचकस आहेच तुमच्याकडे. वरचं काही देऊ नका. भांडण मिटलं.

दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी तो बाजा त्याच्या हातातून हिसकून घेतला असता आणि गाडीत बसून हसलो असतो. तोच थर्माकोलचा वास आला. माझा हात पट्ट्यांवर गेलासुद्धा. मी एक सूर दाबला. आवाज आला, मोठा, स्वच्छ. पण तो चांगला आहे की वाईट ते मला कळेना. दुसरा दाबला. व्हायोलिन लावलं, बासरी लावली. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता मी काय म्हणेन, आणि जे म्हणेन ते खरं कशावरून? दुकानदार मान किंचित कलती करून थांबला होता, मी सांगेन म्हणून. मी हात काढून घेतला. भूक मेल्यावर ताटाकडे बघवत नाही ना, तसं मला त्या बाजाकडे बघवेना.

मी म्हटलं, सेठ, हा नको मला. तुम्ही माझ्याबरोबर चला. आमच्या मामाच्या अंगणात उभं राहून सांगा की बाजा तोच होता. मी गोदामातल्या लोकांना तिथं बोलावतो. त्यांच्यासमोर एवढंच एक वाक्य बोला.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"एक बजानेवाले के लिए मैं दुकान बंद करके गाँव जाऊँ?"

मी माझा बाजा जोडला, काखेत मारला आणि निघालो. पानठेल्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो, पुढं गेलो, स्टेशनपर्यंत गेलो. त्यानं हाक मारली की नाही ते मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलो. त्यानं अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि काठीनं ती खालीवर करत होता. बस म्हणाला. मी बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद, जांभळा दोरा, दुकानदार काय म्हणाला ते. तुमचे कान बरोबर होते मामा, असं म्हणालो. हे वाक्य म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. काठी थांबली नाही.

"आता हे कोण सांगून राहिलं?" त्यानं विचारलं.

"मीच. दुसरं कोण?"

"तवाही तूच सांगत होता. आन् असाच खात्रीनं." त्यानं मोहाची एक ओळ सरळ केली. "तुह्या तोंडाचा मले आता भरोसा नाही गा मास्तर. आज म्हणशील मामाचे कान बराबर, उद्या चांदी दिसली की मंग?"

मी म्हटलं, मग काय करू? पुढच्या हंगामाला चला. तुमची जागा रिकामी आहे.

"मी कायले येऊ? मी त हावोच तुह्या बाजात. नंबर दाब."

मी जायला निघालो तेव्हा त्यानं मागून सांगितलं, हसून नाही, "ज्यानं केलं त्याले आण. चार लोकांपुढं माहे कान गेले होते, चार लोकांपुढं त्यानं ते परत द्यावं. मंग पाहू."

त्यानंतर मी एकही बाजा घेतला नाही. मॅनेजर दर पोळ्याला विचारतो, यंदा नवीन काय. काही नाही म्हणतो. ऑटोवरची ती ओळ गेली. एका वर्षी त्यानं मोबाइलवर एका बाजाचा फोटो दाखवला, अर्धे पैसे मंडळाचे म्हणाला. मी फोटो बघून मोबाइल परत दिला. लोक म्हणतात मास्तर कंजूस झाला, कुणी म्हणतं म्हातारा झाला. बोटं आता जेवणाच्या ताटावर हलत नाहीत. मी तोच बाजा वाजवतो. चंदेरी रंग कडेनं उडत चालला आहे, एक पट्टी अधूनमधून चिकटते. क्लॅरिनेटचा नंबर मी त्या दिवसापासून दाबलेला नाही. दुसऱ्या अंकात त्या जागी मी हात उचलून थांबतो, नायिका दम घेते, आणि आम्ही पुढं जातो. मांडवात तेवढा वेळ काहीच वाजत नसतं. नवीन लोकांना वाटतं, वादक चुकला.

दर दसऱ्याला मी गोंदियाला मात्र जातो. दुकान आता मोठं झालं आहे, वर माळा चढला आहे. तो मला चहा देतो. मी विचारतो, कधी येता? तो म्हणतो, सीझन है भाईसाब. पुढच्या वर्षी म्हणतो, तबीयत. एकदा म्हणाला, इतनी पुरानी बात है, बूढ़ा भूल गया होगा. मामा विसरलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या गावावरून गेलो तेव्हा तलावाच्या पाळीवर बसून तो वाजवत होता. मला बघून थांबला. समोरचा एक दात पडलेला होता, दुसरा हलतो म्हणाला. समोरचे दात गेले की क्लॅरिनेट ओठात धरता येत नाही हे सांगायला मी वादक असायची गरज नाही.

माझ्यात आणि दुकानदारात फिटंफाट झाली असं तो म्हणतो. कागद मी लपवला, बाजा त्यानं लपवला. बरं, झाली. मी बाजारात वाढलो आहे, फसवलं तर फसवलं, एवढं मला पचतं. पण गिऱ्हाइकाच्या तोंडून स्वतःला हवं ते वदवून घ्यायचं, आणि त्या बोलण्यापायी तिसऱ्याच माणसाची जागा गेली की मी कुठं काय म्हणालो असं म्हणून चहा मागवायचा, हे नाही पचत. मान तुम्ही हलवत होता, सेठ. तुम्हाला माहीत होतं मी चुकीचं ऐकतोय, आणि तुम्ही मान हलवत होता.

आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीचा भाव पाडला. याचा पाडणार नाही. जाण्यायेण्याचं तिकीट माझं, जेवण माझ्या घरी, त्या दिवशीचं दुकानाचं नुकसान सांगाल ते मला मान्य. मामाचा दुसरा दात पडायच्या आत तुम्ही त्याच्या अंगणात उभे राहा आणि गोदामातल्या त्या लोकांसमोर सांगा की त्यानं बरोबर ऐकलं होतं. मी खूप वेळा विचारलं आहे, आता लिहून विचारतो. कधी येता?